कॅनडाने गहू मंडळ मोडलं, काटा तपासणारा आयोग नाही

सोयाबीन निघायला लागलं की एक मेसेज गावोगावच्या ग्रुपवर फिरतो: ‘कॅनडाने गहू मंडळ बंद केलं, शेतकरी मोकळा झाला. आपणही बाजार समित्या बंद करा, खुल्या बाजारात भाव आपोआप मिळेल.’ समितीत पोळलेल्या माणसाला हे लगेच पटतं, म्हणून सविस्तर लिहितोय.

मुळात ही तुलनाच चुकीची आहे. ते मंडळ 1935 सालचं. 1943 पासून पश्चिम कॅनडातल्या शेतकऱ्याला विक्रीचा गहू त्यालाच द्यावा लागे. मंडळ तो जगभर विकायचं; शेतकऱ्याला आधी उचल, हंगामाचा हिशेब लागला की उरलेली रक्कम. ही मक्तेदारी 1 ऑगस्ट 2012 ला संपली. आपली बाजार समिती मात्र व्यापार करत नाही. ती आवार देते, लिलाव लावते, काटा तपासते, व्यापाऱ्याला परवाना देते. चुकारा, म्हणजे विकलेल्या मालाचे पैसे, अडकला तर तक्रार तिच्याकडेच करायची.

हे नियमनाचं काम कॅनडात 1912 पासून धान्य आयोग करतो. कंपन्यांना परवाना देतो, शेतकऱ्यांच्या पैशांसाठी त्यांच्याकडून तारण घेतो, प्रतवारीवरून वाद झाला तर नमुना तपासून निवाडा देतो. गहू मंडळ गेलं तरी हा आयोग राहिला. मेसेजमध्ये नेमकं एवढंच गाळलंय.

आता ‘भाव आपोआप’. मक्तेदारी संपल्यावर दुसऱ्याच वर्षी, 2013 ला, तिथे विक्रमी पीक आलं. रेल्वेचे डबे मिळेनात, धान्य शेतावर अडकलं, बंदरावरचा भाव आणि शेतकऱ्याच्या हातातला भाव यातलं अंतर वाढत गेलं. शेवटी मार्च 2014 मध्ये सरकारनेच दोन मोठ्या रेल्वे कंपन्यांना आठवड्याला प्रत्येकी 5 लाख टन धान्य हलवायचा हुकूम काढला. मंडळ असतं तर हे टळलं असतं असं मी म्हणणार नाही, पीकच तेवढं होतं. पण आपोआप काही झालं नाही.

लांब कशाला, बिहारने 2006 मध्येच बाजार समिती कायदा रद्द केला. 2020 ला तिथला मका हमीभावाच्या कितीतरी खाली विकला गेला. समित्या असूनही आपल्याकडे 2024 ला सोयाबीन 4,892 रुपयांच्या हमीभावाखालीच राहिलं, हेही खरं. हमीभाव मिळतो तो खरेदी केंद्र वेळेवर उघडलं तर. तो राग समितीवर काढून उपयोग नाही.

‘समितीबाहेर विकायला बंदी आहे’ असंही काही जण म्हणतात, तेही जुनं झालं. 2006 च्या कायदादुरुस्तीनंतर महाराष्ट्रात खाजगी बाजार आणि थेट खरेदीचे परवाने आहेत.

समित्यांतलं राजकारण, कडता (वजनातली कपात), रेंगाळणारे चुकारे मी नाकारत नाही, मीही ते भोगलंय. गेल्या दिवाळीआधी आमच्या ढिगात व्यापाऱ्याने हात घातला, दाणा दाताखाली फोडला आणि ‘मॉइश्चर 14’ (दाण्यातला ओलावा 14 टक्के) म्हणत क्विंटलमागे 200 रुपये पाडले. मी समितीचं ओलावा मोजायचं मशीन मागितलं. ते कार्यालयात कुलपात होतं, किल्ली यायला पाऊण तास गेला. आकडा आला 11.8. व्यापाऱ्याला पाडलेले 200 परत धरावे लागले. ते मशीन रोज ढिगापाशी हवं, यासाठी भांडायला मी तयार आहे. पण समितीच नसेल तर दारात टेम्पो लावणाऱ्या खेडा खरेदीवाल्याकडे मी कोणाचं मशीन मागू?