निर्दोष ठरला, म्हणून काय झालं?

'इन अ लोनली प्लेस' (१९५०) हा सिनेमा पाहून झाला की वाद ठरलेलाच. आमच्या सिनेमावेड्या मंडळींतही झाला. एका गटाचं म्हणणं, डोरोथी ह्यूजच्या १९४७ च्या त्याच नावाच्या कादंबरीची हॉलिवूडने धारच घालवली. पुस्तकातला डिक्स स्टील एकामागून एक बायकांचे खून करतो. पडद्यावर त्याच्या भूमिकेत स्टार हम्फ्री बोगार्ट आला आणि डिक्स निर्दोष झाला. दुसरा गट सिनेमा पुस्तकाच्या कितीतरी पुढे गेला म्हणतो. पहिल्यांचं मला अजिबात पटत नाही. दुसऱ्यांपैकी बहुतेकांनी पुस्तक उघडलेलंही नसतं, याचं वाईट वाटतं.

सिनेमा बोगार्टच्याच सांताना या निर्मिती कंपनीचा, त्यामुळे संशयाला जागा आहे, कबूल. पण प्रतिमा जपायची असती तर तो रस्त्यावरचा प्रसंग त्याने केला असता का? दुसऱ्या गाडीला गाडी घासते, एवढ्यावरून डिक्स एका पोराला बेशुद्ध होईपर्यंत मारतो आणि वर दगड उचलतो. शेजारी बसलेली त्याची प्रेयसी लॉरेल ओरडली नसती तर त्याने तो घातलाच असता. ज्या मिल्ड्रेड नावाच्या मुलीच्या खुनाचा संशय त्याच्यावर आहे, तिला त्याने हातही लावलेला नाही. पण हा माणूस खून करू शकतो, हे त्या क्षणी लॉरेलला कळतं आणि आपल्यालाही.

इथेच दिग्दर्शक निकोलस रे गोष्टीचा प्रश्नच बदलतो. खुनी कोण, हे बाजूला पडतं. या माणसाच्या शेजारी रात्री डोळा लागेल का, हा प्रश्न उरतो. लॉरेलला झोपेच्या गोळ्या घ्याव्या लागतात. त्यानंतरचा स्वयंपाकघरातला प्रसंग तर मी कधीच विसरणार नाही. डिक्स तिच्यासाठी नाश्ता करतोय. ग्रेपफ्रूट कापायची सुरी मुद्दाम वाकडी केलेली असते, हे त्याला ठाऊक नाही. तो ती हाताने सरळ करून टाकतो. मग अगदी मायेने म्हणतो, की आपल्याला असं पाहून कुणीही ओळखेल, या दोघांचं प्रेम आहे. तेव्हा लॉरेल झालेल्या ग्लोरिया ग्रॅहमचा चेहरा बघा. गोळ्यांची गुंगी, भीती आणि तो प्रेमळ बोलतोय म्हणून वाटणारी कणव, सगळं एकाच वेळी. संशयाने ग्रासलेल्या घरात हसून वावरणाऱ्या बाईचं इतकं खरं चित्र मी क्वचितच पाहिलंय.

मूळ पटकथेत डिक्स शेवटी लॉरेलचा जीव घेतो. रेने तो शेवट टाकून दिला. आताच्या शेवटात डिक्सचे हात तिच्या गळ्यावर असताना फोन वाजतो: खरा खुनी सापडलाय, त्याने कबुलीही दिलीय. हीच बातमी एक दिवस आधी आली असती तर दोघं सुटली असती. आता तिचा काही उपयोग नाही. "निर्दोष ठरला ना, मग ती का सोडून जाते?" असं आमच्यात एकाने विचारलं. अहो, आत्ता तिचा गळा कोण दाबत होतं?

पण पुस्तकातलं एक मात्र सिनेमाने गमावलं, आणि ते थोडंथोडकं नाही. ह्यूज आपल्याला डिक्सच्याच डोक्यात बसवते. अगदी सुरुवातीलाच तो धुक्यात, बसमधून उतरलेल्या एका मुलीच्या मागे चालू लागतो. पोलिसांतला त्याचा मित्र ब्रब त्याच्यासोबत बसून बिनधास्त पितो. ब्रबच्या बायकोला, सिल्व्हियाला मात्र डिक्स सुरुवातीपासूनच खटकतो. डिक्सला वाटतं, बायकांना वाचणारा आपणच. प्रत्यक्षात सिल्व्हिया त्याला वाचत असते. शेवटी तो सापडतो तो सिल्व्हिया आणि लॉरेलमुळे. सिनेमातली सिल्व्हिया नवऱ्याजवळ शंका बोलून दाखवते, पण तिच्या हातात काही उरत नाही. १९४७ साली एका लेखिकेने खुनी पुरुषाच्या गोष्टीत पारडं बायकांकडे झुकवलं होतं. ते पडद्यावर यायलाच हवं होतं.

सिनेमा आधी पाहिला असेल तर खुशाल पुस्तक घ्या. पुस्तकातला खुनी कोण हे आधीच माहीत असल्याने काही बिघडत नाही, ह्यूजही ते लपवत बसत नाही. फक्त सिल्व्हिया खोलीत आली की डिक्सच्या मनात काय काय हलतं, तिकडे लक्ष ठेवा.