जरा दाबून बघू का?

परवा आतोबांनी माझा पूल दाबला. आधी अंगठ्याने, मग तळहाताने, आणि शेवटी शेजारच्या कपाटातला शब्दकोश काढून.

मी लेगोच्या, म्हणजे एकमेकांत अडकणाऱ्या प्लॅस्टिकच्या ठोकळ्यांचे पूल बांधतो. नोकरी आहे, संसार आहे, चष्म्याचा नंबर वाढतो आहे, आणि हेही आहे. एवढी ओळख पुरे. अनवाणी पायाखाली ठोकळा आल्याचा विनोद या लेखात येणार नाही, ज्यांना तो हवा असेल त्यांनी आत्ताच उठावं.

तर आत्या आणि आतोबा आले. आत्या आत गेली आणि आतोबा बाहेरच्या खोलीत दोन स्टुलांमध्ये टेकवलेल्या मीटरभर लांबीच्या पुलासमोर हात मागे बांधून उभे राहिले. आतोबा आयुष्यभर बांधकामाच्या खात्यात होते. पण पूल बांधणाऱ्यांत नव्हे, बिलं तपासणाऱ्यांत. निवृत्त होऊन जमाना झाला तरी अजून काही बघितलं की त्यांच्या कपाळावर "हे कोणी मंजूर केलं?" अशी आठी पडते.

"कोणाचं हे?"

"माझं."

"तसं नव्हे रे. खेळतं कोण?"

"मीच."

आतोबांनी स्वयंपाकघराकडे, म्हणजे माझ्या बायकोच्या दिशेने, सांत्वनाला आल्यासारखं पाहिलं. मग खाली वाकून कोपऱ्यातला रिकामा खोका उचलला आणि लांब धरून वाचला. त्यावर मोठ्या अक्षरांत 18+ छापलेलं आहे. हे मोठ्या माणसांसाठी असतं, असं मी न बोलता सिद्ध होणार म्हणून मी जरा छाती काढून उभा राहिलो.

"अठराच्या वर तुकडे असतात होय यात?"

"आतोबा, ते वय आहे."

"कोणाचं?"

मी विषय बदलून त्यांना पुलाकडे आणलं. ही चूक म्हणा, नाहीतर नाइलाज म्हणा. त्यांनी पुलाखाली डोकं घालून बघितलं.

"नदी कुठाय?"

"नदी नाही."

"मग रस्ता? रूळ?"

"खाली फरशी आहे."

"फरशी ओलांडायला पूल कशाला लागतो? माणूस चालत जातो की."

याला उत्तर नाही. मी आजही शोधतो आहे.

आणि मग तो प्रश्न आला, जो प्रत्येक जण विचारतो आणि विचारता विचारताच हात पुढे करतो: "जरा दाबून बघू का?" माझी खरी तक्रार इथे आहे. भिंतीवरचं चित्र कोणी बोटाने खरवडून बघत नाही. गवयाच्या तंबोऱ्याची तार 'तुटते का बघू' म्हणून कोणी ओढत नाही. पण पूल दिसला की भल्याभल्यांचा अंगठा बरोबर मधोमध जातो. तोही कसा, तर हसत हसत, आपण बांधणाऱ्यावर उपकार करतोय अशा चेहऱ्याने. पूल टिकला तर त्यांचा हिरमोड होतो, मोडला तर "अरेरे" म्हणताना डोळे चमकतात.

दाबणाऱ्याला हे ठाऊक नसतं की दाब हा ठोकळ्याचा शत्रूच नव्हे. ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीत 2 बाय 2 चा, म्हणजे वर चार टेंगळं असलेला साधा ठोकळा यंत्रात घालून दाबला होता, तेव्हा त्याने हाय खाल्ली ती सुमारे 430 किलोंना. एवढुसा जीव! पण तोच ठोकळा दुसऱ्याला धरून असतो तो वरची टेंगळं आणि खालची नळी यांच्या नुसत्या घट्टपणावर. ताणलं की सुटला. आणि पूल वाकतो तेव्हा त्याची वरची बाजू दाबली जाते आणि खालची ताणली जाते. म्हणून नुसते ठोकळे एकमेकांत अडकवून लांब पूल केला, की तो खालून फटी उघडत उघडत कोसळतो. त्यावर उपाय म्हणजे भोकांच्या पट्ट्या घ्यायच्या, खुंट्या घालायच्या आणि त्रिकोण करायचे. त्रिकोण मोडल्याशिवाय वाकडा होत नाही.

हे मी आतोबांना समजावून सांगितलं, कारण मी मूळचा भाबडा आहे. लेगोच्या पट्टीवरची भोकं 8 मिलिमीटरवर असतात. 3, 4 आणि 5 चा काटकोन त्रिकोण करायचा तर 4, 5 आणि 6 भोकांच्या पट्ट्या घ्याव्या लागतात, कारण मोजायची ती भोकं नव्हेत, भोकांमधली अंतरं.

आतोबा एकदम सावध झाले. इतक्या वेळात पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर रस दिसला.

"म्हणजे माल सहाचा उचलायचा आणि काम पाचचं दाखवायचं?"

"नाही हो, सहा भोकं म्हणजे पाच अंतरं..."

"अरे, मी असे कितीतरी पकडलेत."

मी घाईघाईने उभ्या मापांवर गेलो. ठोकळ्याची उंची 9.6 मिलिमीटर, चपट्या पट्टीची 3.2. ठोकळ्यावर दोन चपट्या ठेवल्या की बरोबर 16, म्हणजे 8 मिलिमीटरची आडवी दोन घरं. उभं माप आडव्याला तिथे मिळतं, म्हणून तिरकी पट्टी बसते. मला या हिशेबाने अजूनही गहिवरून येतं. आतोबा म्हणाले, "पॉइंट सहा कशाला ठेवलाय? सरळ दहा धरायचं."

यानंतर शब्दकोश. तो त्यांनी मधोमध ठेवला आणि गुडघ्यावर हात टेकून, एक डोळा मिटून पुलाची कड बघितली.

"वाकला."

"वाकणारच. थोडा वाकायलाच हवा."

"आमच्या वेळचे वाकत नसत."

आतोबांच्या वेळचे वाकले नसतील, कारण ज्यांची बिलं अडतात ते पूल मुळात उभेच राहत नाहीत. हे मी मनात म्हणालो. त्यांनी शब्दकोशाचा दुसरा खंडही चढवला. पूल उभा. मग तिसरा शोधायला लागले. तिसरा नव्हता, तर हा आपला दोष असल्यासारखं माझ्याकडे बघितलं.

अशा वेळी मला फोर्थच्या पुलाचा तो फोटो आठवतो. स्कॉटलंडमधला तो अजस्र कॅंटिलिव्हर, म्हणजे खांबांपासून दोन्हीकडे हात पसरून तोललेला, पूल 1890 मध्ये सुरू झाला. त्याचं तत्त्व लोकांना कळावं म्हणून त्याचा इंजिनियर बेंजामिन बेकर याने दोन माणसं खुर्च्यांवर बसवली, त्यांचे हात फाकवले, हातांना काठ्यांचा टेकू दिला, दोन्ही बाहेरच्या टोकांना विटांची ओझी टांगली आणि मधोमध काइची वातानाबे या जपानी इंजिनियरला अधांतरी बसवलं. तिघंही भरल्या वयाचे, सुटाबुटातले, आणि चेहरे असे गंभीर की काय सांगू. तिथे कोणी "खेळतं कोण?" असं विचारलं असेल असं वाटत नाही. आणि वातानाबेच्या मांडीवर शब्दकोश तर नक्कीच ठेवला नसेल.

शिवाय पूल काय फक्त वरूनच हरतो? लंडनचा मिलेनियम पूल 10 जून 2000 ला लोकांसाठी उघडला आणि दोनच दिवसांत बंद करावा लागला. माणसांच्या वजनाला तो पुरून उरला होता. पण तो किंचित आडवा हलला, तशी माणसं तोल सावरायला त्याच लयीत पावलं टाकू लागली, त्याने तो आणखी हलला. पुढे धक्के जिरवणारी यंत्रणा बसवून तो पुन्हा उघडला 2002 मध्ये. म्हणून माझ्या पुलाला वरच्या बाजूला दोन कडांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या आहेत आणि त्या पट्ट्या जागच्या जागी धरायला करडे 2 बाय 2 ठोकळे. वरून दाबून त्यांचं महत्त्व कधीच कळणार नाही.

आतोबांनी त्यातलाच एक उपटला.

"हा कशाला?"

मी ओरडलो असेन बहुधा, कारण आत्या बाहेर आली. पूल तसाच उभा होता. आतोबांनी ठोकळा उजेडात धरला आणि नोकरीतल्या आवाजात निकाल दिला, "काढला तरी उभा आहे. म्हणजे जादा लावला होतास." त्यावर बायकोही हसली. हे मी लक्षात ठेवलं आहे.

ते गेल्यावर दाराचा वारा आला आणि पुलाची एक कड दुसरीकडे झुकली. ठोकळा लावायला गेलो तर ठोकळा नाही. स्टुलाखाली नाही, सोफ्यात नाही, शब्दकोशातही नाही. करडा ठोकळा काय, कुठेही मिळेल, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी सांगतो: 2004 च्या सुमाराला लेगोने आपला करडा रंग बदलला. आताचा निळसर आहे. माझा पूल जुन्या करड्यातला आहे. त्यात निळसर ठोकळा लावला, की खोलीत येणाऱ्या प्रत्येकाला आधी तोच दिसणार आणि मग अंगठा मधोमध जाण्याऐवजी तिथे जाणार.

फोन केला.

"हां हां, खिशात आला होता खरा. अरे, माल चांगला आहे हो तुझा! आमच्या टेबलाचा एक पाय इतकी वर्षं डुगडुगत होता, त्याखाली अगदी मापात बसला."

"आतोबा, मला तो परत हवा होता."

"आता कसा देऊ? काढला तर टेबल हलेल ना!"

मी गप्प बसलो. 430 किलोंचा हिशेब मनात झाला. तो ठोकळा आता त्या टेबलाखाली आम्हा सगळ्यांना पुरून उरणार. मागून आत्याचा आवाज आला, "पोराला दुसरा पाठवून द्या हो, रुसलाय तो."

आज पाकीट आलं. आत लाल ठोकळा, 2 बाय 3 चा. सोबत आतोबांच्या अक्षरातली चिठ्ठी: "बदली माल पाठवत आहे. दोन टेंगळं जादा आहेत, ती परत करणे."