फ्रँकचा कप्पा रिकामाच होता

आज तिसरी खेप. अर्धी रजा टाकली, भर पावसात पार्ल्याहून बँकेची दादर शाखा गाठली, टोकन नंबर ४७ घेऊन पाऊण तास बसले आणि काउंटरवर पोचल्यावर ऐकायला काय मिळालं? 'मॅडम, सर्व्हर डाऊन आहे, सोमवारी या ना.' माझे १६३ युरो आहेत हो, युरोपच्या टूरसाठी घेतलेल्या फॉरेक्स कार्डावर उरलेले! घामाचे, पगाराचे. भीक मागितल्यासारखी उभी आहे मी माझ्याच पैशांसाठी.

आणि हेच पैसे कार्डात घालायचे होते तेव्हा? तेव्हा बँकेचा पोरगा लोअर परळला ऑफिसात आला होता. लिफ्ट बंद होती तर पाच मजले चढून! एटू फॉर्म, म्हणजे परकीय चलन घ्यायचा अर्ज, त्यानेच भरला, मी फक्त जिथे पेन्सिलीने फुली मारली होती तिथे सह्या केल्या. पॅन, पासपोर्ट, व्हिसा, तिकीट, सगळ्याचे फोटो मोबाइलवर काढून घेतले. वीस मिनिटांत काम फत्ते. आता परत मागायला गेले तर मूळ शाखेतच यायचं, फॉर्म वेगळा, कॅन्सल्ड चेक हवा, पासपोर्टवरच्या शिक्क्यांची झेरॉक्स हवी. आणि बँकेतलं झेरॉक्स मशीन 'कस्टमरसाठी नाही'. खाली उतरा, छत्री उघडा, कोपऱ्यावरच्या दुकानात जा.

मुळात हे प्रीपेड फॉरेक्स कार्ड, म्हणजे आधी परकीय चलन भरायचं आणि मग बाहेर खर्च करायचं, घेतलंच का, तर ऑफिसातल्या शहाण्यांनी घाबरवलं म्हणून. क्रेडिट कार्ड बाहेर वापरलंस तर साडेतीन टक्के मार्कअप (चलन बदलायचा वरचा आकार) आणि त्यावर जीएसटी, मेलीस. खरंच आहे ते, बहुतेक कार्डांवर साधारण तेवढं लागतं. म्हणून हे घेतलं. 'झीरो मार्कअप मॅडम, एकदम सेफ.' त्या दिवशी, मे २०२५ मध्ये, गुगलवर युरो ९६ च्या आसपास होता. ह्याने लावला ९८ रुपये ७० पैसे. मी विचारलं, हे वरचे २ रुपये ७० पैसे कसले? तर म्हणे, तो रेट आहे, मार्कअप नाही. वा रे वा! २,००० युरो घेतले, म्हणजे ५,४०० रुपये तिथेच गेले. फक्त त्याला मार्कअप म्हणायचं नाही. दाराला 'फुकट प्रवेश' लिहायचं आणि चपला ठेवायचे पाच हजार घ्यायचे. जीएसटीचे २६८ रुपये वेगळे, पण ते निदान पावतीवर छापून तरी आले. त्यांच्याबद्दल माझं भांडण नाही. टीसीएसही (बाहेर नेलेल्या पैशांवर आधीच कापून घेतात तो कर) नव्हता, १० लाखांच्या आत होते ना. म्हणजे सरकारने जेवढं घेतलं ते सांगून घेतलं. बँकेने हसत हसत घेतलं.

बरं, हेही गिळलं असतं. पण पुढचं ऐका.

आमचा व्हिसा स्वित्झर्लंडच्या वकिलातीने दिलेला. का? कारण सगळ्यात जास्त रात्री तिथे होत्या. त्या पोराने त्या व्हिसाचा फोटो काढला. टूरचा कार्यक्रम माझ्या टेबलावर पडला होता, त्यात ल्यूसर्न, इंटरलाकेन, युंगफ्राउयोख ठळक अक्षरांत. मी स्पष्ट विचारलं होतं, सगळं युरोतच घेऊ ना? 'हो मॅडम, युरोपला युरोच चालतो.' अरे बाबा, स्वित्झर्लंडमध्ये फ्रँक चालतो! शाळेतलं पोर सांगेल. आणि त्याच कार्डात फ्रँकचा वेगळा कप्पा होता. ॲपमध्ये दिसतो, छोटासा लाल झेंडा आणि पुढे शून्य. चार दिवस त्या शून्याकडे बघत मी युरोच्या कप्प्यातून फ्रँक खर्च केले, आणि प्रत्येक खर्चावर साडेतीन टक्के क्रॉस करन्सी चार्ज. ज्या साडेतीन टक्क्यांना घाबरून क्रेडिट कार्ड घरी ठेवलं, तेच! पाणी, बसची तिकिटं, सासूबाईंची औषधं, असं मिळून ३८० फ्रँक. वरचे चौदा युरो पाण्यात. म्हणजे जवळजवळ चौदाशे रुपये.

कुणी म्हणेल, ॲपमधून युरोचे फ्रँक करून घ्यायचे. केलं की! प्रयत्न केला. ओटीपी येतो कुठे, तर बँकेत नोंदवलेल्या भारतीय नंबरवर. तो मी बंद ठेवला होता, रोमिंगचं बिल बघून चक्कर येते म्हणून प्रवासाचं ई-सिम घेतलं होतं. (एसएमएस यायला पैसे लागत नाहीत हे मला तेव्हा माहीत नव्हतं, ही चूक माझी. बाकीच्या त्यांच्या.) हॉटेलात रात्री सिम चालू केलं, खिडकीशी जाऊन फोन वर धरून उभी राहिले. ओटीपी आला अर्ध्या तासाने. मुदत तीन मिनिटांची. दुसरा मागवला तर पहिलाच पुन्हा आला. शेवटी नवरा म्हणाला, झोप आता, चौदा युरोसाठी न्यूमोनिया होईल.

त्याच नवऱ्याचा पराक्रम दुसऱ्या दिवशीचा. ल्यूसर्नला नातेवाइकांसाठी चॉकलेटं घेतली. घ्यावीच लागतात, नाहीतर पार्ल्यात तोंड दाखवता येत नाही. दुकानातल्या बाईने मशीन आमच्याकडे फिरवलं. पडद्यावर दोन पर्याय, फ्रँक की रुपये. परक्या मुलखात रुपया दिसल्यावर ह्यांचे डोळे भरून आले बहुतेक, दाबलं पटकन रुपये. मी 'थांबा' म्हणेपर्यंत पावती बाहेर. म्हणजे आधी मशीनवाल्याने स्वतःच्या दराने फ्रँकचे रुपये केले, त्यात त्याचा हात मारला, मग आमच्या कार्डाने त्या रुपयांचे युरो केले, त्यात त्यांचे साडेतीन टक्के. वाशीच्या नाक्यावर आमच्या गाडीचा टोल माफ झाला, पण चॉकलेटच्या दोन डब्यांनी दोन टोल भरले. कार्डासोबतच्या पत्रकात हे लिहिलेलं आहे म्हणे, नेहमी स्थानिक चलन निवडा म्हणून. आहे, मी घरी येऊन वाचलं, चौथ्या पानावर मुंगीच्या अक्षरात. पाच मजले चढून येणाऱ्याला हे एक वाक्य तोंडाने सांगता आलं नाही?

रोमला टूर संपली, आम्ही दोन दिवस जास्त राहिलो. हॉटेलने चेक-इनला १५० युरो ब्लॉक केले, मिनीबार वगैरेसाठी. क्रेडिट कार्ड असतं तर नुसती लिमिट अडकली असती. इथे माझी खरीखुरी रक्कम अडकली. चेक-आउटला हॉटेलवाल्याने हात वर केले, आम्ही सोडलेत, तुमच्या बँकेला विचारा. बँक म्हणते, मर्चंटने सोडले की येतील. तीन आठवडे झाले ते सुटायला. तोवर ॲपवर शिल्लक १३ युरो, आणि दोघे एकमेकांकडे बोट दाखवतायत. विमानतळावर सासूबाईंना एक कॉफी पाजताना मी मनातल्या मनात बेरजा करत होते.

आता ते १५० आणि आधीचे १३, असे १६३ परत हवेत. जुलैमध्ये युरो १०० वर गेलाय, म्हणजे मला चार पैसे सुटायला हवेत, नाही का? बँकेचा खरेदीचा भाव ९७ रुपये २० पैसे. घेताना गुगलच्या वर, देताना गुगलच्या खाली. वर काउंटरवरची बाई गोड आवाजात, 'मॅडम, राहू दे ना कार्डावर, पुढच्या ट्रिपला होतील.' नियमाने २,००० डॉलरपर्यंतचं परकीय चलन जवळ ठेवता येतं, ते मलाही ठाऊक आहे. पण माझ्या कार्डाच्या त्याच चौथ्या पानावर हेही लिहिलंय की वापरलं नाही तर ठरावीक महिन्यांनी इनॲक्टिव्हिटी फी कापणार. म्हणजे पुढची ट्रिप होईपर्यंत कार्ड स्वतःच माझे पैसे खात बसणार. आणि पुढची ट्रिप कुठली, हप्ते फिटायचेत अजून ह्या ट्रिपचे!

सासूबाईंचा किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही. निघताना त्यांनी हट्टाने २०० युरो रोख घेतले होते. मी म्हटलं, आई, आजकाल कुणी रोख नेत नाही, चोर असतात तिकडे. त्यांनी पदराआडच्या पाकिटात ठेवले, पॅरिसपासून रोमपर्यंत बाहेरच्या स्वच्छतागृहांपासून आइस्क्रीमपर्यंत सगळीकडे त्याच नाणी मोजून देत होत्या, आणि माझं कार्ड आत टाकावं तिथे नेमकं फक्त नाणी घेणारं यंत्र. परत आल्यावर उरलेली ५० ची नोट घेऊन त्या रिक्षाने स्टेशनजवळच्या मनी चेंजरकडे गेल्या आणि भाजी घेऊन घरी आल्या. नोट बदलायला त्यांना भाजीपेक्षा कमी वेळ लागला. नाणी मात्र त्याने घेतली नाहीत, ती आता देव्हाऱ्यापाशी वाटीत आहेत, आणि मी बँकेतून आले की त्या एकदा वाटीकडे आणि एकदा माझ्याकडे बघतात. बोलत काही नाहीत.

सोमवारी पुन्हा जायचंय. पासपोर्ट, पॅन, कॅन्सल्ड चेक, शिक्क्यांच्या दोन-दोन झेरॉक्स, सगळं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवलंय. साहेबांना रजा मागितली तर म्हणाले, 'अजून ते युरोच का?'