सेटअपचे पैसे वाचवू नका

पन्नास-साठ हजारांची गिटार घेणारा माणूस सेटअपच्या (तारांची उंची आणि मान नीट जुळवून घेण्याच्या) हजार-दोन हजारांसाठी घासाघीस का करतो, हे मला आजवर कळलेलं नाही. मिरजेहून तंबोरा आणणारा कुणी जवारी (सूर खुलावा म्हणून घोडी घासून जुळवणं) न काढताच तो घरी घेऊन जाईल का? तिथे जवारी हा वाद्याचाच भाग धरतात. गिटार मात्र खोक्यातून निघाली की झाली तयार, असा आपला समज.

यंदा ऑल-सॉलिड, म्हणजे कुठेही प्लायवूड नसलेली, ड्रेडनॉट (मोठ्या पेटीची गिटार) घेतली. कंपनीचं नाव लिहीत नाही, नाहीतर सगळी चर्चा त्याच्यावरच घसरेल. वरची पाटी सिटका स्प्रूसची, पाठ आणि कडा शिसवीच्या. शिसवी म्हणजे आपल्याकडची, दक्षिण भारतातल्या जंगलातली. ब्राझीलच्या रोझवुडच्या व्यापारावर १९९२ मध्ये बंदीच आल्यासारखी झाली, पण त्याच्या कितीतरी आधीपासून जगभरचे गिटारवाले आपल्याच शिसवीवर आहेत. २०१७ मध्ये हिच्यावरही 'साइट्स'ची (दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराची) बंधनं आली आणि तयार वाद्यांना २०१९ मध्ये त्यातून सूट मिळाली. मधली जवळजवळ तीन वर्षं गिटार परदेशी पाठवायची तर कागदपत्रांचा ढीग लागायचा.

असो. घरी आणल्यावर पहिली तक्रार अशी की ट्यूनर सगळ्या मोकळ्या तारा बरोबर सांगतोय आणि तरी सी कॉर्ड आंबट लागतोय. एफचा बार (एका बोटाने सगळ्या तारा दाबणं) तर मनगट मोडून घेतो. कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) पहिल्या फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या पहिल्या आडव्या पट्टीवर, लावला की सगळं गुण्यागोविंदाने चालतं. असं झालं की दोष बोटांचा नसतो, नट (मानेच्या टोकाची, तारांच्या खाचांची पट्टी) उंच असतो. नवीन गिटारच्या नटच्या खाचा बहुतेक वेळा जरा उथळच ठेवलेल्या असतात, कारण खाच खोल करणं सोपं आणि जास्त खोल गेली तर भरून काढणं कटकटीचं. तपासायची रीत अगदी सोपी आहे. तार तिसऱ्या फ्रेटवर दाबायची आणि पहिल्या फ्रेटवर तारेखाली किती फट उरते ते बघायचं. केसभर असली की पुरे. माझ्या गिटारमध्ये व्हिजिटिंग कार्ड आरामात सरकलं. एवढी उंची असली की दाबताना तार ताणली जाते आणि सूर चढतो, म्हणून कॉर्ड आंबट.

कारागिराने खाचा घासल्या, सॅडल (पेटीवर तारा टेकतात ती पट्टी) खालून थोडं उतरवलं. बाराव्या फ्रेटवर जाडी ई तार आता फ्रेटपासून अडीच मिलिमीटरवर आहे, बारीक ई दोनच्या जरा खाली. इथे एक हिशोब लक्षात ठेवा: बाराव्या फ्रेटवर अर्धा मिलिमीटर कमी करायचा तर सॅडल एक मिलिमीटर घासावं लागतं, कारण बारावा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर. आणि यूट्यूब बघून ॲक्शन (तारांची फ्रेटपासूनची उंची) कमी करायला ट्रस रॉड (मानेतली धातूची सळई) पिळणाऱ्यांना हात जोडून विनंती, तो मानेचा बाक जुळवायला असतो. त्या कामाला तो नाही.

सेटअपनंतर खरी ओळख सुरू झाली. जुनी प्लायवूडची गिटार पावसाळ्यात कपाटाच्या मागे पडून असायची, तिला काही फरक पडत नसे. सॉलिड लाकूड हवेतलं पाणी पितं आणि सोडतं. पुण्यात एप्रिलच्या दुपारी आर्द्रता वीसच्या आसपास उतरते आणि जुलैत नव्वदीला टेकते. गिटारला हवी पंचेचाळीस ते पंचावन्न. पावसात वरची पाटी फुगते, ब्रिज (पाटीवरचा, सॅडल बसवलेला लाकडी तुकडा) वर उचलला जातो, ॲक्शन चढते, आवाज घोगरा होतो. उन्हाळ्यात उलटं, लाकूड आक्रसतं आणि फ्रेटची टोकं मानेच्या कडेला हाताला लागायला लागतात. केसमध्ये साधा डिजिटल हायग्रोमीटर ठेवा, काही शेकड्यांत मिळतो. सिलिका जेलच्या पुड्या पावसाळ्यात चालतील, पण त्या उन्हाळ्यातही केसमध्येच विसरलात तर पाटीला तडा जाऊ शकतो.

आता त्या 'ओपन अप' प्रकरणाबद्दल. नवीन गिटार वाजवून वाजवून खुलते म्हणतात. थोडं खरं असेलही, पण मला वाटतं बरंचसं श्रेय तारांचं आणि आपल्या हाताचं आहे. नव्या फॉस्फर ब्राँझ तारा पहिल्या दिवशी काचेसारख्या खणखणतात. घाम लागून त्या मऊ झाल्या की आपण म्हणतो, बघा, गिटार पिकली. आणि हाताचं म्हणाल तर, जुन्या गिटारवर जोर लावल्याशिवाय काही ऐकूच यायचं नाही, त्यामुळे उजवा हात आडदांड झालेला. हिच्यावर तसा स्ट्रोक मारला की जाड्या तारा एकमेकींत मिसळून नुसता गलका होतो. भावगीताला हळू आर्पेजिओ (कॉर्डच्या तारा एकामागून एक छेडणं) धरला की मग एकेक तार वेगळी ऐकू येते. तिसऱ्या फ्रेटवरचा जाडा जी वाजवला की पाठ चक्क पोटाला थरथरते. ड्रेडनॉटच्या पेटीतल्या हवेचा स्वतःचा सूर त्याच सुमाराला असतो, म्हणून तो जी बाकी सगळ्यांच्या डोक्यावर बसतो. अंगठ्याने तो जरा दाबून वाजवायला शिकतोय.

दुसऱ्या कुणाला वाजवायला देऊन समोर बसून ऐका, हेही सांगतो. आवाज पुढे जातो, वाजवणाऱ्याला त्यातला निम्माच मिळतो. माझ्या पुतणीने वाजवली तेव्हा मला कळलं की ही बाई वरच्या तारांवर किती गोड बोलते. स्वतः वाजवताना मला ती बेसवालीच वाटत होती.

सध्या १२-५३ चा तारांचा सेट आहे (आकडे तारांच्या जाडीचे, इंचाच्या हजाराव्या भागात). ११ चा लावून बघायची खाज आहे, पण ताण बदलला की मानेचा बाक बदलणार, आणि भर पावसात ट्रस रॉडला हात लावायचा नाही असं कारागिराने बजावलंय. तेव्हा दसऱ्यानंतर.