"मन रमवा" या प्रतिक्रियेला उत्तर

माझ्या लाइम आणि खांदेदुखीवरच्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली आणि नंतर झोप लागली नाही, तशी ती डाव्या खांद्यामुळे दोनच्या सुमारास मोडतेच. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की पंचेचाळिशीतल्या बाईचा खांदा धरला तर तो फ्रोझन शोल्डरच असतो, लाइमचा, म्हणजे गोचीड चावून होणाऱ्या त्या रोगाचा, औषधांचा कोर्स झाला म्हणजे लाइम संपला, हरणांना मी उगाच बदनाम केलं, आणि शेवटी "ताई, मन जरा दुसरीकडे रमवा, दुखणं आपोआप जाईल".

हरणांचं तुमचं बरोबर आहे. गोचिडीत जंतू येतो तो मुख्यतः पांढऱ्या पायांच्या उंदरांकडून, हरणांच्या अंगावर मोठ्या गोचिड्या पोसल्या जातात एवढंच. लेखात दुरुस्त केलंय, धन्यवाद.

पण ते शेवटचं वाक्य काय विचार करून लिहिलंत? मागच्या जूनमध्ये न्यू जर्सीतल्या आमच्या बॅकयार्डात कुंपणालगतचं तण काढलं, गोचीड मला दिसलीच नाही, लहान असते तेव्हा ती खसखशीच्या दाण्याएवढी असते. लाल चट्टाही दिसला नाही, तो 100 पैकी 70-80 जणांनाच येतो. मग मानेपासून कोपरापर्यंत आग सुरू झाली, दिवसा कसंबसं सोसायचं आणि रात्री कोणीतरी आतून शीर ओढतंय असं. पोळ्यांची कणीक मळता येईना, ब्लाउजचं हुक लावायला लेकीला हाक मारायची. ब्लड टेस्ट निगेटिव्ह आली, कारण अँटिबॉडी तयार व्हायला काही आठवडे लागतात आणि माझी टेस्ट दहाव्याच दिवशी झाली होती, हे तेव्हा मला कोणी सांगितलं नाही. सांगितलं काय, तर स्ट्रेस आहे, योगा करा, मन रमवा. अगदी तुमचेच शब्द.

आणि मी रमवलं हो! मंडळाच्या नाटकाची तालीम केली, हात वर जात नव्हता तरी. मग ऑगस्टमध्ये एका सकाळी चूळ भरताना पाणी तोंडाच्या एका बाजूने गळायला लागलं, डावा डोळा मिटेना. तेव्हा परत टेस्ट, ती दोन टप्प्यांत होते, दोन्हींत पॉझिटिव्ह, आणि तीन आठवडे डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक. चेहरा सुधारला. हाताची नस मात्र इतक्यात शांत होणार नाही, महिने लागतील, असं न्यूरॉलॉजिस्टनी स्पष्ट सांगितलंय, आणि अँटिबायोटिक लांबवून उपयोग नाही हेही त्यांनीच सांगितलं म्हणून मी ते घेत नाहीये.

या रोगाला नाव ज्या गावावरून पडलं त्या कनेटिकटच्या लाइममध्ये पॉली मरी नावाच्या बाईंनाही डॉक्टर वर्षानुवर्षं मनाचंच कारण सांगत होते. 1975 मध्ये त्या आरोग्य खात्याच्या मागे लागल्या म्हणून चौकशी झाली, जंतू सापडल्याचं 1982 ला छापून आलं. मधल्या काळात त्यांच्या घरातली मुलं सुजलेले गुडघे घेऊन बसली होती. त्यांना काय म्हणाला असतात तुम्ही?

तुम्ही डॉक्टर आहात का? असाल तर न तपासता असं लिहिणं शोभत नाही, नसाल तर मग प्रश्नच मिटला. आणि "ताई" म्हटलं की काहीही बोललेलं चालतं असं कृपया समजू नका, माझ्या सख्ख्या भावाने हे म्हटलं असतं तरी मला इतकंच लागलं असतं.

फ्रोझन शोल्डर, शुगर, हळदीचं दूध, यावर मी आत्ता लिहीत बसणार नाही. एमआरआय झालाय, बास.

बाकी ज्यांनी उशीचं विचारलंय त्यांच्यासाठी: कुशीवर झोपू नका, पाठीवर झोपून कोपराखाली जाडसर उशी घ्या म्हणजे खांदा लोंबत नाही, मला त्याने सलग तीन तास तरी मिळतात. भिंतीवर बोटं चढवायच्या व्यायामाचा लेख अर्धा झालाय, उजव्या हाताने एकटीच टाइप करते म्हणून उशीर होतोय.