घाटातली घोडी आणि अरेकोतली घंटा

पुण्याच्या भाचीने घरच्या ग्रुपवर टाकलंय : "बैलगाडा शर्यत म्हणजे निव्वळ मागासलेपणा. मामा, तू एवढा बाहेर राहतोस, तू तरी सांग यांना." सांगतो की. पण तुझ्या बाजूने नाही, बाई.

मी राहतो ते अर्जेंटिनातलं सान अंतोनियो दे अरेको, राजधानी ब्वेनोस आयरेसपासून 113 किलोमीटरवर. नदीवर 1857 चा पूल, दुपारी सगळं गाव झोपलेलं. इथला किराणावाला मंगळवारीसुद्धा बोम्बाचा (ढगळ विजार), अल्पार्गाता (कापडी चपला) घालून गल्ल्यावर बसतो आणि त्याला कुणी हसत नाही. पुण्यात फेटा दिसतो तो वरातीत, तोही भाड्याचा.

नोव्हेंबरात, होसे एर्नांदेस या कवीच्या जन्मदिवसाला धरून इथे जत्रा भरते. गाउचो, म्हणजे इथले घोडेस्वार गुराखी, घोड्यांचे कळप घेऊन येतात. मैदानात सगळे कळप एकमेकांत मिसळून टाकतात. नुसता धुरळा, कुणाचं जनावर कोणतं काही कळत नाही. मग जो तो आपली माद्रिना, म्हणजे कळपाची म्होरकी घोडी, घेऊन बाजूला होतो, तिच्या गळ्यातली घंटा वाजू लागते आणि घोडे बरोबर आपापल्या घंटेमागे निघून येतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी चक्क "भिर्रर्र" ओरडलो. डोळ्यांपुढे आमचा शर्यतीचा घाट होता. पुढे पळणारी घोडी, मागे भंडाऱ्याने पिवळे झालेले बैल.

आता कायद्याचं बघा. आपल्याकडे 2014 ला सुप्रीम कोर्टाची बंदी, 2021 च्या डिसेंबरात अटींवर परवानगी, मे 2023 ला घटनापीठाचा निकाल. गाडामालकांची नऊ वर्षं कोर्टाकडे डोळे लावण्यात गेली. इथल्या प्रांतानेही 1939 ला कायदा केला, पण परंपरेचा दिवस पाळावा म्हणून! (हिनेतेआदात, म्हणजे उधळत्या घोड्यावर टिकून बसायच्या खेळात, घोडे जायबंदी होतात, त्यावरून इथेही ओरड होते. ते भाचीला कुणी सांगू नका.)

एवढं तावातावाने लिहितोय खरा. पण 2015 ला फोनवरून वडिलांना "शर्यतच नाही तर बैल कशाला पोसता, विकून टाका" हे सांगणारा मीच. खाण्याचा हिशोबही मांडून दाखवला होता. ते "बरं" म्हणाले. पुढच्या फोनवर गोठ्याचा विषय निघाला नाही, मीही काढला नाही.

इथे आसादोला, म्हणजे निखाऱ्यावर भाजलेल्या मांसाच्या जेवणाला, बसलं की सासरे माते (इथला चहासारखा काढा) पुढे करत पाहुण्यांना सांगतात, जावयाकडे शर्यतीचे बैल आहेत. मी आजवर खोडून काढलेलं नाही. दर वर्षी न चुकता विचारतात, यंदा बारी, म्हणजे घाटातली धाव, किती सेकंदात?

गेल्या वर्षी मी बारा सांगितले. यंदा अकरा.