सतरा एप्रिल, दोन वेळा

२०१९ चा निकाल, मग २०२२ आणि २०२३ मधल्या पक्षफुटी. महाराष्ट्रातलं हे सगळं बघून माझा दादा पार विटला आहे. फोनवर दर वेळी त्याचं एकच पालुपद: "अरे, ही आघाडी-युतीची कटकटच नको. थेट लोकांतून एक माणूस निवडा आणि मुदत संपेपर्यंत कारभार त्याच्या हाती द्या. फोडाफोडीच बंद!"

त्याची चीड मला कळते. पण मी २०१३ पासून ब्राझीलमध्ये राहतो आणि इथं नेमकी तीच पद्धत आहे. राष्ट्राध्यक्ष थेट लोक निवडतात, चार वर्षांसाठी. तरीही खातेवाटपाची घासाघीस काही संपलेली नाही. निवडणूक झाल्यावर ती सुरू होते आणि मुदत संपेपर्यंत चालूच राहते.

असं का होतं, ते मला एका चिठ्ठीवरून कळलं. इथं मतदानयंत्रावर उमेदवाराचा क्रमांक दाबावा लागतो. २०२२ मध्ये पाच पदांसाठी पाच क्रमांक होते, त्यामुळे लोक ते कागदावर लिहूनच मतदानाला जातात. माझ्या ऑफिसातल्या एका सहकारी बाईंनी आपली चिठ्ठी मला दाखवली. राष्ट्राध्यक्षासाठी १३, म्हणजे लुला. खासदाराचा चार आकडी क्रमांक मात्र ५५ ने सुरू होणारा. पहिले दोन आकडे पक्षाचे असतात, म्हणजे पक्षच वेगळा. विचारलं तर म्हणाल्या, "यानं आमच्या भागात दवाखाना आणला." त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. पण असंच असंख्य लोक करतात. लुला ५०.९ टक्के मतं घेऊन जिंकले आणि खालच्या सभागृहात ५१३ पैकी सत्तर जागाही त्यांच्या पक्षाला मिळाल्या नाहीत. सर्वांत मोठा पक्ष ठरला तो हरलेल्या बोल्सोनारो यांचा, ९९ जागांचा.

मग लुला यांनी काय करायचं? त्यांनी ३७ मंत्रालयं केली. पहिल्या फेरीत त्यांच्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या सिमोन तेबेत नियोजनमंत्री झाल्या. त्यांनी दुसऱ्या फेरीत उघडपणे लुला यांना पाठिंबा दिला होता, त्यामुळे ते समजण्यासारखं आहे. पण सप्टेंबर २०२३ मध्ये, निवडणुकीत बोल्सोनारो यांच्या बाजूनं लढलेल्या दोन पक्षांचे खासदार लुला यांचे मंत्री झाले. विधेयकं अडायला नकोत, एवढंच कारण. मंत्रीपदं घेऊनही त्या पक्षांतले बरेच जण सभागृहात विरोधात मत देत राहिले. आता विरोधी पक्ष कोणता म्हणायचा? बोल्सोनारो यांना ४९.१ टक्के मतं होती, पण अध्यक्षपदाची निवडणूक हरल्यावर त्यांना सभागृहात साधी जागाही नव्हती. आपल्याकडे हरलेल्या बाजूचा नेता समोरच्या बाकावर बसून रोज जाब विचारू शकतो, याची किंमत मला इथं येऊन कळली.

दादाला मी नेहमी एका तारखेची आठवण करून देतो. १७ एप्रिल १९९९ ला अटलबिहारी वाजपेयींचं सरकार एका मतानं पडलं, २६९ विरुद्ध २७०. घरातली सगळी माणसं टीव्हीसमोर सुन्न झाली होती. पण वाजपेयींवर गुन्हा सिद्ध करायची कुणाला गरज पडली नाही. विश्वास नाही, एवढं पुरलं. त्याच वर्षी निवडणुका झाल्या आणि लोकांनी त्यांना बहुमताची आघाडी देऊन परत आणलं.

१७ एप्रिल २०१६ ला, रविवारी, मी साओ पाउलोत असाच टीव्हीसमोर बसलो होतो. तेव्हाच्या राष्ट्राध्यक्ष दिल्मा रुसेफ यांच्यावर महाभियोग चालवायचा की नाही, यावर खालच्या सभागृहात मतदान होतं. एकेक खासदार माइकपाशी येत होता. कुणी देवाचं नाव घेऊन मत देत होता, कुणी बायकामुलांचं, कुणी आपल्या गावाचं. आरोप अंदाजपत्रकातल्या हिशेबाच्या हातचलाखीचा होता, पण त्यावर बोलणारे फार थोडे. ३४२ मतं हवी होती, ३६७ पडली. उपाध्यक्षांचा पक्ष मार्चमध्येच आघाडीतून बाहेर पडला होता, ही खरी गोष्ट. सरकारवरचा विश्वास उडाला होता, पण तसं म्हणून सरकार पाडायची सोयच नाही, म्हणून खटला चालवावा लागला. ऑगस्टअखेर सिनेटनं ६१ विरुद्ध २० मतांनी त्यांना पदावरून काढलं आणि तेच उपाध्यक्ष, मिशेल तेमेर, राष्ट्राध्यक्ष झाले. नवा राष्ट्राध्यक्ष निवडायची संधी लोकांना मिळाली ती २०१८ च्या ऑक्टोबरात. त्या जखमा अजून भरलेल्या नाहीत. ऑफिसात आजही त्या दिवसाचा विषय निघाला की अर्धी माणसं उठून जातात.

एक गोष्ट मात्र मला इथली मनापासून आवडते. खासदारानं सरकारी विधेयकाविरुद्ध मत दिलं तर सरकार पडत नाही, आणि कायद्यानं त्याची खासदारकीही जात नाही. आपल्याकडे १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानं प्रत्येक मतावर पक्षादेशाची टांगती तलवार ठेवली. एकट्यानं विवेकानं मत दिलं तर सदस्यत्व जाऊ शकतं, आणि दोनतृतीयांश जण मिळून दुसऱ्या पक्षात विलीन झाले तर वाचतं. दिनेश गोस्वामी समितीनं १९९० मध्येच सुचवलं होतं की अपात्रता विश्वास-अविश्वासाच्या ठरावासारख्या मतदानापुरती ठेवा. तिकडे कुणी लक्ष दिलं नाही. दादानं हट्ट धरायचाच तर यासाठी धरावा.

शिवाय थेट निवडीचा प्रयोग बघायला त्याला ब्राझीलपर्यंत यायला नको. महाराष्ट्रात थेट नगराध्यक्ष २०१६ मध्ये आणला, २०२० मध्ये रद्द केला, २०२२ मध्ये पुन्हा आणला. नगराध्यक्ष एका पक्षाचा आणि बहुमत दुसऱ्याचं, अशा नगरपालिकेत ठराव कसे अडतात आणि कशाच्या बदल्यात सुटतात, हे दादाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. पुढच्या फोनवर मी त्याला तेच विचारणार आहे.